दुसरा हात

ओला चुना काहीच झाकत नाही. कुंचला फिरून पुढे गेला की भिंत नुसती भिजलेली दिसते. मागच्या पावसाळ्याचे काळे ओघळ तसेच, चुलीच्या बाजूची काजळी तशीच, कुण्या पोरानं कोळशानं काढलेलं गलबतही तसंच. नवख्या माणसाचा इथे धीर सुटतो. तो बादलीत आणखी चुना कालवतो, दाट करून थापतो आणि महिनाभरात तो थर पापुद्र्यांनी गादीवर, गोधडीवर, पाठ टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर उतरतो. जाणता माणूस चुना पातळच ठेवतो आणि मागे वळून पाहत नाही. भिंत वाळत जाते तसतशी पांढरी होत जाते. दुपारची पानं वाढेपर्यंत गलबत बुडालेलं असतं.

देशावर रंगाचं काम दिवाळीच्या तोंडावर निघतं, कोकणात गणपतीच्या. म्हणजे बाहेर श्रावण कोसळत असताना आतल्या भिंती रंगवायच्या. वाळण्याच्या दृष्टीनं याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही, पण गणपती काही वैशाखात येत नाहीत. रत्नागिरीकडच्या आमच्या आजोळी चुना आधीच विरवून ठेवलेला असे. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की पिंप उकळायला लागे आणि आम्हा मुलांना अंगणाच्या पलीकडे हाकलत. नंतर तो फडक्यातून गाळायचा, धरून राहावा म्हणून डिंकाचं पाणी घालायचं आणि शेवटी निळीची चिमूट. भिंतीवर आधी साधं पाणी मारून घ्यायचं, कारण कोरडी भिंत चुन्यातलं पाणी झटकन पिऊन टाकते आणि चुना भुकटी होऊन नुसता वर बसून राहतो. मग पहिला हात, तो वाळला की दुसरा, आणि माजघरात तिसरा.

निळीचं मला फार दिवस कोडं होतं. पांढरं करायचं तर निळं कशाला? चुन्याच्या पांढऱ्याला किंचित पिवळट झाक असते. नीळ ती झाक मारते. खरं तर अशानं भिंतीवरून परत येणारा एकूण प्रकाश थोडा कमीच होतो, पण आपल्या डोळ्याला निळसर पांढरं हे पिवळट पांढऱ्याहून जास्त पांढरं वाटतं. भिंत काळवंडली तरी चालेल, पिवळी दिसता कामा नये. आमच्या एका मामांचा हात निळीत सैल होता. त्यांची पडवी वर्षभर आकाशी असायची आणि ते तिला पांढरी म्हणायचे.

ओला असताना पारदर्शक आणि वाळल्यावर पांढरा, हा चुन्याचा खेळ समजला की रंगकामातलं निम्मं कोडं सुटतं. कुठलाही पदार्थ प्रकाशाची दिशा किती वळवतो त्याचा एक आकडा असतो, अपवर्तनांक. चुन्याच्या कणाचा तो सुमारे १.६, पाण्याचा १.३३. दोन्हींत फरक बेताचा, त्यामुळे प्रकाश पाण्यातून कणात आणि कणातून पाण्यात फारसा न अडखळता जातो आणि थेट मागच्या काजळीपर्यंत पोचतो. पाणी उडालं की कणांच्या फटींत हवा शिरते. हवेचा आकडा १. आता फरक मोठा. प्रकाश दर कणाशी ठेचकाळतो, फिरतो, आणि काजळी गाठायच्या आतच परत आपल्याकडे येतो. पावसात भिजलेला पांढरा पंचा अंगाला चिकटून कातडी दाखवतो आणि दोरीवर वाळला की पुन्हा पांढरा होतो, त्यातलीच ही गत. म्हणजे जुन्या घरांमधल्या भिंती झाकायचं काम चुन्याइतकंच त्याच्यात अडकलेली हवा करत होती. पुढे हवेतलाच कार्बन डायऑक्साइड शोषत तो चुना हळूहळू चुनखडी होतो, पण ते नंतर.

याचं उलटं प्रात्यक्षिक सुताराच्या हातात असतं. खिडकीच्या काचा बसवायची जुनी लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि बेलतेल (जवसाचं तेल), दोन्ही एकत्र मळलेलं. खडू पांढराशुभ्र, तरी लांबी मळकट पिवळसर. तेलाचा आकडा १.४८च्या आसपास, खडूचा जेमतेम त्याच्या पुढे. खडू तेलात गेला की दिसेनासा होतो. म्हणून खडू घालून तेलाचा पांढरा रंग करता येत नाही. त्यासाठी शतकानुशतकं सफेदा वापरला गेला, तो शिशाचा. पुढे जस्ताचा आला. शिशाचा सफेदा उत्तम झाकायचा आणि तो बनवणाऱ्याला, रंगवणाऱ्याला आणि पोपडे चघळणाऱ्या लेकरांना तेवढीच उत्तम विषबाधा करायचा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेत आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइड कारखान्यात तयार व्हायला लागलं आणि पांढऱ्याचा प्रश्न सुटला. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक २.७च्या घरात आहे, हिऱ्यापेक्षाही जास्त. त्याला झाकायला हवेची मदत लागत नाही. तेलात बुडवा, रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या चिकात बुडवा, ते प्रकाश परतवतंच. हे जिच्यापासून काढतात ती इल्मेनाइटची वाळू काळीकुट्ट असते. ती केरळच्या किनाऱ्यावर आहे, तशी आमच्या रत्नागिरीच्याही. काळबादेवी, मालगुंड या भागात ओहोटीला पुळणीवर काळे पट्टे दिसतात ते तिचेच. लहानपणी त्या वाळूत आम्ही लोहचुंबक फिरवायचो आणि त्याला काळी मिशी फुटायची. इतका पांढरा रंग असल्या वाळूतून निघतो हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आम्ही मानलं नसतं.

तर झाकायच्या अशा दोन तऱ्हा, हवेची आणि टायटॅनियमची. हवेची स्वस्त. आजही स्वस्तातल्या डिस्टेंपरात खडू आणि चिनी माती भरपूर, चीक बेताचा, त्यामुळे वाळल्यावर आत बारीक पोकळ्या राहतात आणि भिंत छान पांढरी दिसते. पण ओला हात लावून पाहा. पोकळीत पाणी शिरलं की तिथला पांढरेपणा जातो, खालचं काळं वर डोकावतं आणि दोनदा पुसलं तर डिस्टेंपर फडक्यावर येतो. महागाच्या इमल्शनमध्ये टायटॅनियम जास्त, पोकळ्या कमी. ती भिंत पुसता येते. दुकानदाराच्या ‘हा धुता येतो, तो येत नाही’ या वाक्याच्या पोटात एवढं सगळं आहे. मला स्वतःला स्वस्त डिस्टेंपरविषयी तुच्छता नाही. ज्या भिंतीवर फोटो आणि देवघर आहे, जिला कुणाचं तेलकट डोकं टेकत नाही, तिला तो पुरतो.

टायटॅनियमचे कणही त्यांच्या मापात हवेत. पाव मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे, आणि एकमेकांपासून सुटे. ते एकमेकांना चिकटून गठ्ठ्यांनी राहिले की त्यांची झाकायची ताकद वाया जाते. दुकानात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या डब्याच्या तळाशी असाच गठ्ठा जमून बसलेला असतो. म्हणून डबा ढवळणं हे सगळ्यांत स्वस्त काम आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारंही. आमच्याकडे येणारे पेंटर, त्यांना सगळे काका म्हणतात, डबा उघडल्यावर आधी वरचा पातळ रंग दुसऱ्या डब्यात ओततात, तळाचा साका चपट्या पट्टीनं खरवडून मोकळा करतात, मग थोडा थोडा परत ओतत मिसळतात. एवढं होईपर्यंत त्यांचा चहा गार होतो. त्यांचा पुतण्या काडी बुडवून चार गिरक्या मारतो. एकाच डब्यातून रंगवलेल्या दोन खोल्यांत काकांची कुठली आणि पुतण्याची कुठली, हे मला सांगता येतं.

काकांशी माझा दर वेळी एकाच मुद्द्यावर वाद होतो. मी म्हणते, जाहिरातीत सांगतात तसं एकाच हातात का नाही भागवायचं? जरा जाड मारा. काका ब्रश खाली न ठेवता म्हणतात, “ताई, जाड मारलेला एक हात म्हणजे एकच हात. पातळ दोन म्हणजे दोन.” हे ऐकायला वेदान्त वाटतं, पण हिशेब त्यांच्या बाजूनं आहे. लिटरभर रंग शंभर चौरस फुटांवर पसरला तर ओल्या थराची जाडी होते एक दशांश मिलिमीटर. त्यातलं पाणी उडून गेलं की उरतो त्याच्याही निम्म्याहून कमी, माणसाच्या केसाहून पातळ. आणि ही झाली सरासरी. ब्रशच्या प्रत्येक केसाची चरी असते, रोलरचा प्रत्येक दाणा उंच-सखल असतो. एका हातात काही ठिकाणी जाडी भरपूर आणि शेजारीच जवळजवळ काही नाही. जाड मारल्यानं उंचवटे उंच होतात, चऱ्या चऱ्याच राहतात. दुसरा हात आधीच्या चऱ्यांवर नेमका पडेल असं नाही, पण दोन्ही वेळा चरी एकाच जागी पडायची शक्यता कमी. म्हणून पहिला आडवा आणि दुसरा उभा. यात पाण्याचाही मामला आहे. रंग ‘पुरवायला’ वाजवीपेक्षा जास्त पाणी घातलं तर डबा जास्त भिंतींना पुरतो खरा, पण दर भिंतीवर झाकणारा माल कमी जातो आणि तिसऱ्या हाताला पुन्हा तेवढाच डबा लागतो. मजुरी वेगळी.

तेलाच्या रंगात जाड हाताचा तोटा आणखी उघडा पडतो. ऑइलपेंट पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही. आधी थिनर उडतं आणि मग तेल हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होतं, तेही वरून खाली. थर जाड असेल तर वर साय धरते, आत ओलंच राहतं आणि साय आक्रसून तिला सुरकुत्या पडतात. उभ्या चौकटीवर ओघळ येतात ते निराळेच. चाळीत वाढलेल्या कुणालाही दरवाजाच्या चौकटीवरचे ते वाळलेले ओघळ नखानं फोडायचा अनुभव असेल. आत बोटाला चिकटणारा मऊ रंग सापडे.

सगळे रंग सारखे झाकत नाहीत हेही दुकानात कुणी सांगत नाही. काळा एका हातात झाकतो, कारण तो प्रकाश परतवायच्या भानगडीतच पडत नाही, गिळून टाकतो. गेरू, काव हे लोहाचे रंगही दणदणीत. लोखंडी ग्रिलला पहिला तांबडा रेड ऑक्साइड देतात तो एका हातात सगळा गंजका इतिहास बुजवतो. आणि पिवळा? पिवळ्याइतका भित्रा रंग नाही. तीन हात झाले तरी खालची निळी भिंत हिरवटपणानं आपली ओळख देत राहते. पूर्वीचा क्रोम पिवळा असा नव्हता, तो चांगला झाकायचा. पण त्यात शिसं होतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. भडक पिवळ्या-तांबड्यासाठी आता मुख्यतः जी सेंद्रिय रंगद्रव्यं उरली ती तेजस्वी आहेत पण बरीचशी पारदर्शक. ‘पूर्वीचा रंग कसा एका हातात बसायचा’ असं म्हातारे पेंटर म्हणतात ते नुसतं स्मरणरंजन नव्हे. तो बसायचा, आणि का बसायचा तेही आता माहीत आहे. मी जास्तीचा हात पत्करेन. लाल भिंत हवी असेल तर काका आधी करडा हात मारतात. पांढऱ्या अस्तरावर लाल गुलाबी पडतो, करड्यावर दोन हातांत भरतो. पांढऱ्या अस्तरावर सगळे रंग खुलतात या समजुतीला हा सरळ छेद आहे, म्हणून गिऱ्हाईक करडी भिंत बघून घाबरतं आणि काका त्याला खोलीचं दार लावून चहाला पाठवतात.

लाकडाचं दुखणं वेगळं. भिंत रंग पिते. लाकूड पितं आणि शिवाय परत ओकतं. खोक्याच्या देवदारी फळ्यांचं कपाट पांढरं रंगवलं की काही महिन्यांत ठिकठिकाणी पिवळे-तपकिरी गोल उमटतात. त्या गाठी. त्यांतला राळेचा अंश रंगातून वर येतो आणि वरून कितीही हात दिले तरी पुन्हा येतो, कारण हा प्रश्न जाडीचा नाही. तिथे चपडा लागतो, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. फ्रेंच पॉलिशसाठी सुताराकडे असतेच. ती गाठीवर दोनदा फिरवली की राळ आतच राहते आणि मग कुठलाही साधा रंग पुरतो. स्वयंपाकघरात शेगडीमागच्या फोडणीच्या डागांवर पाण्याचा रंग असाच टिकत नाही. धुण्याच्या सोड्यानं ती भिंत घासून काढल्याशिवाय ब्रश बुडवण्यात अर्थ नसतो. आणि तळाशी ओल असेल, लोणा फुटला असेल, तर रंगाचा विषय काढायचाच नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. बाहेर निघणारे क्षार रंगाला आतून ढकलून देतात, मग तो कितीही महागाचा असो.

सागवानाला मात्र मी रंग लावू देत नाही. हे मत आहे, शास्त्र नव्हे, जरी सागाच्या अंगच्या तेलानं ऑइलपेंट वाळायला उशीर होतो हे खरं आहे. एका पिढीनं वाड्यांचे सागवानी दरवाजे चॉकलेटी, मग हिरव्या, मग पुन्हा चॉकलेटी रंगानं मढवले. त्यांना ते लाकूड काळं आणि जुनाट वाटत होतं आणि चकचकीत ऑइलपेंटला नवेपणाचा मान होता. आता त्यांचीच नातवंडं ते थर काढायला पैसे मोजतात. काढताना जपावं, जुन्या थरांत शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवण्यापेक्षा ओलं घासलेलं बरं.

अस्तराला मान देणारे लोक पाहायचे तर सावंतवाडीला. तिथल्या गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची, गोल पानं आधी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर देऊन, घोटून तयार करतात. चित्र त्याच्या वर, आणि सगळ्यात शेवटी लाख. ही कला जवळजवळ संपली होती. १९७० नंतरच्या वर्षांत तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात पुन्हा उभं केलं. तिथे काम पाहत बसलं की लक्षात येतं, रंगाचा ब्रश हातात यायच्या आधीच पुष्कळसं काम झालेलं असतं. घोटलेला थर इतका गुळगुळीत की रंग पसरत नाही, शोषलाही जात नाही, जिथे ठेवला तिथे पूर्ण ताकदीनं राहतो. आपल्याकडे घरात अस्तराचे पैसे वाचवतात आणि वरच्या रंगाची कंपनी बदलत बसतात.

एवढं करूनही रंगाला एक गोष्ट जमत नाही. तो रंग झाकतो, आकार झाकत नाही. उलट आकार दाखवतो. मळकट, डागाळलेल्या भिंतीवर खड्डे आणि उंचवटे डागांच्या गर्दीत हरवलेले असतात. एकरंगी झाली की सावलीशिवाय नजरेला दुसरं काही उरत नाही आणि प्रत्येक पोचा नाव सांगून उभा राहतो. चकचकीत रंगात तर जास्तच. त्यात आजच्या फ्लॅटमध्ये खिडकी भिंतीला लागून, तिचा प्रकाश भिंतीवरून सरपटत येतो. काका पुट्टी घासून झाल्यावर संध्याकाळी एक उघडा बल्ब वायरला लावून भिंतीच्या अगदी कडेनं फिरवतात आणि दिसेल त्या खड्ड्याभोवती पेन्सिलीनं गोल करतात. पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा मला धक्का बसला. जवळजवळ सगळी गोलांनी भरलेली. काकांना त्याचं काही नव्हतं. “आत्ता दिसलं ते बरं,” म्हणाले, “रंगावर दिसलं असतं तर तुम्ही मला पुन्हा दारात दिसू दिलं नसतं.”

उरलेल्या रंगाच्या डब्याबद्दल एक सांगायचं राहिलं. झाकण हातोडीनं नीट बसवून त्यावर खोलीचं नाव आणि शेड नंबर लिहून ठेवावा, पण त्या डब्याकडून फार आशा ठेवू नये. वर्षभरानं भिंतीवर कुठे ओरखडा उठला आणि त्याच डब्यातला तोच रंग तिथे लावला, तरी तो वेगळा दिसतो. भिंत मधल्या काळात उन्हानं, धुरानं, हातांनी थोडी बदललेली असते, तिच्यावर रोलरचा दाणा असतो आणि आपण लावतो ब्रशनं. आमच्या दिवाणखान्यात सोफा सरकवताना असाच एक ओरखडा उठला. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, “ठिगळ लावू नका ताई, ठिगळच दिसेल. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिंत काढू, नाहीतर तिथे काहीतरी टांगा.” कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा खर्च आईनं ऐकला आणि खिळा शोधायला गेली. सध्या तिथे कालनिर्णय आहे.